उपयोगाचा रकाना

आधी ते तळहात पुढे करायचे. तळहातावर ती लोखंडी वस्तू. मग अंगठ्यानं ती पाव वळसा फिरवायचे, म्हणजे तिची खाच बरोबर तुमच्या डोळ्यांसमोर यायची. आणि मग विचारायचे, "ओळखू यायलंय का?"

मी जे समजले तेच तुम्हीही समजला असता. रिटायर माणसांना कोडी घालायची हौस असते, आपण दोन चुकीची उत्तरं द्यायची, मग ते खुशीत बरोबर उत्तर सांगतात. मी हसून म्हटलं, नाही बाई, तुम्हीच सांगा काका.

"मला माहीत असतं तर तुमाला कशाला इचारलं असतं, म्याडम?" ते म्हणाले. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी आमच्या शहरातल्या कलासंग्रहालयात नोकरी करते. उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळी मुलांचा चित्रकलेचा वर्ग असतो, दिवसभर प्रदर्शन आणि शनिवारी नागरिकांच्या गप्पा. दुपारी येणारे बरेचसे लोक एसीसाठी येतात, त्याला आमची हरकत नसते. त्या वर्षी प्रदर्शनाचं नाव होतं 'आमच्या हातचं'. शहरातल्या कुणीही स्वतःच्या हातानं केलेली एक वस्तू आणायची, आम्ही ती मांडणार. गोधड्या आल्या, लोकरीची तोरणं आली, साबणाचे गणपती आले. आणि हे काका चिखलीहून दोन बस बदलून ती वस्तू घेऊन आले.

वस्तू अंगठ्यापेक्षा थोडी मोठी. एक टोक जाड, दुसरं निमुळतं, मध्ये खाच, आणि जाड टोकाला आरपार भोक. भोक अगदी मधोमध नव्हतं, जरा एका बाजूला होतं. मी बोट ठेवून म्हटलं, इथे जरा चुकलंय का?

त्यांनी वस्तू माझ्या हातातून काढूनच घेतली. "चुकून न्हाई ते. मुद्दाम हाय. ड्रॉइंगमध्येच तसं होतं."

हळूहळू उलगडा झाला. चिखलीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ते लेथवर सत्तावीस वर्षं होते. इतर कामं आली-गेली, पण ह्या वस्तूचं काम कायम. गज यायचे, हे कातायचे, होल मारायचे, माल पुढे प्लेटिंगला जायचा, तिथून चाकणला एका व्हेंडरकडे, तिथून कुठल्या तरी कंपनीत, आणि तिथून कुठे ते देवाला ठाऊक. ड्रॉइंगवर मापं आणि पार्ट नंबर, नाव नाही. मालकाला विचारलं तर मालक म्हणायचे, आपल्याला काय करायचंय, मापात बसलं की झालं. शेवटी वर्कशॉप बंद पडलं. शेवटच्या दिवशी काकांनी एक नग खिशात टाकला आणि घरी नेला. बायकोनं तो हातात घेऊन बघितला आणि विचारलं, हे कशाला लागतं?

"सत्तावीस वर्षं डबा करून दिला," ती म्हणाली, "तो कशासाठी दिला तेवढं तरी कळू द्या."

ते चाकणच्या व्हेंडरच्या जागेवरही जाऊन आले होते. तिथे आता मालाचं गोदाम. वॉचमननं विचारलं, कुणाला भेटायचंय? ह्यांच्याकडे नाव नव्हतं. हातातला नग दाखवला तर वॉचमन म्हणाला, भाऊ, इथं फक्त फ्रीज ठेवतात.

आता पावसाळ्याआधी नवरा-बायको परभणीकडे गावाला कायमचे निघणार होते. त्याआधी त्यांना बायकोच्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं. एवढंच. प्रदर्शनात नाना तऱ्हेचे लोक येतील, एखादा तरी ओळखेल, असा त्यांचा हिशेब.

इथे मी एक चूक केली. आमच्या फॉर्मवर चार रकाने होते: नाव, पत्ता, वस्तू, उपयोग. काकांनी शेवटचा रिकामा सोडला. आता मी कॉलेजात गेलेली आमच्या घरातली पहिली. आठवीपासून आमच्या घरातले आणि शेजारच्या चार घरांतले सगळे फॉर्म मीच भरत आले आहे. रेशन कार्ड, गॅस, शाळा, सगळे. रिकामा रकाना मला बघवत नाही. मी वस्तू उलटीसुलटी केली आणि ठासून सांगितलं, काका, हा पंपाचा भाग आहे. आणि तसं लिहूनही टाकलं.

का लिहिलं, आजही नीट सांगता येत नाही. त्यांनी 'तुमी शिकलेल्या हायेत' म्हटलं होतं, त्याचा परिणाम असेल. त्यांचा चेहरा मात्र असा मोकळा झाला की मलाच ते खरं वाटायला लागलं. "पंपाचा," ते म्हणाले. "म्हंजे पाणी." आणि गेले.

तीन दिवसांनी परत आले. मधल्या दिवसांत त्यांनी बायकोला सांगितलं होतं, बायकोनं गावाकडच्या जावेला फोनवर सांगितलं होतं. आणि मग काका खात्री करायला चिखलीतल्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात गेले. दुकानदारानं तीन पंप खोलून दाखवले.

"कुठंच बसना गेलं," ते मला म्हणाले. रागावले नव्हते. म्हणाले, "माहीत न्हाई म्हणायला काय झालं होतं, म्याडम?"

पदवीचा अभिमान मला अजूनही आहे, तो मी लपवत नाही. पण त्या दिवशी कान गरम झाले ते झाले. मी छापलेली पाटी काढली आणि हातानं नवी लिहिली: 'लोखंडी वस्तू. उपयोग: माहीत नाही. ओळखल्यास शेजारी बसलेल्या काकांना सांगावे.' आमच्या संचालक, मोठ्या मॅडमनी पाटी बघितली, काकांकडे बघितलं आणि त्यांच्यासाठी खुर्ची ठेवायला सांगितली.

त्यानंतर काका रोज यायचे, ड्यूटीवर आल्यासारखे. इस्त्रीचा शर्ट, खिशात वही, पिशवीत मापं घ्यायचा जुना व्हर्निअर. काचेच्या पेटीत दिव्याखाली ती वस्तू आणि शेजारी हे. कुणी जवळ आलं की मला हात करायचे, मी पेटी उघडायची, मग तो तळहात, तो पाव वळसा, तो प्रश्न.

लोक काय काय सांगून गेले ते त्या वहीत आहे. एक बुलेटवाला म्हणाला, सायलेन्सरच्या आतलं असणार राव. चाकणकडचे एक आजोबा म्हणाले, आमच्या जुन्या मोटंला असंच काहीतरी व्हतं, पण हे त्ये न्हाई. माणच्या आयटी कंपनीतल्या एका मुलानं मोबाइलवर फोटो काढून शोधलं. मोबाइलनं आधी लिपस्टिक दाखवली, मग बुद्धिबळातला उंट. काका सगळ्यांना 'असंल, असंल' म्हणायचे, लिहून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्या तरी गॅरेजात जाऊन तपासून यायचे. एवढ्या धडपडीत उत्तराजवळ जात होते की लांब, ते मला कळत नव्हतं. त्यांनाही कळत नसावं. वही मात्र भरत होती.

चित्रकलेच्या सरांनी एका सकाळी मुलांना तीच वस्तू काढायला दिली. रॉकेटं आली, देवळाचे कळस आले, एका मुलीनं पेंग्विन काढला. काकांनी मागे हात बांधून एकेक चित्र तपासलं. रॉकेटवाल्यांना म्हणाले, होल चुकलंय. पेंग्विनपाशी मात्र बराच वेळ थांबले. पेंग्विनचा डोळा बरोबर तिथे होता, जरा एका अंगाला.

"हिला दिसलं," ते म्हणाले. "हिला कळलं की हे मुद्दाम हाय."

शनिवारच्या गप्पांत मीच त्यांना बोलायला बसवलं. मला वाटलं घाबरतील. त्यांनी पिशवीतून व्हर्निअर काढला आणि तो कसा धरायचा ते दाखवलं, हलकं, चिमणी धरल्यासारखं. मग सगळ्यांनी आपापली बोटं मोजली, मोठ्यांनीसुद्धा. काका म्हणाले, सत्तावीस वर्षांत माझा माल परत आला न्हाई. टाळ्या पडल्या. मग मागून एका बाईंनी अगदी साधेपणानं विचारलं, पण ते लागतं कशाला? काका माझ्याकडे बघायला लागले. मी पाण्याची बाटली पुढे केली. दुसरं काय करणार होते?

त्या दिवशी घरी गेल्यावर मी माझ्या वडिलांना विचारलं. ते भोसरीला एका कंपनीत पॅकिंगला होते, त्यांच्याच ओव्हरटाइमवर मी शिकले. म्हटलं, बाबा, तुम्ही एवढी वर्षं काय पॅक करायचा? ते टीव्ही बघत होते. म्हणाले, "खोके." मी म्हटलं, खोक्यात काय? ते म्हणाले, सील करून यायचे. आणि आवाज वाढवला.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी काका बायकोला घेऊन आले. गावाची गाडी दुसऱ्या दिवशी होती. बाई ठेंगणी, ठसठशीत, नवी साडी नेसलेली. त्यांनी चपला बाहेर काढल्या, मी नको म्हणत असताना काढल्या. गोधड्या बघितल्या, एका गोधडीचा टाका आम्हाला धरून दाखवला की घाईत घातलाय म्हणून. मग पेटीपाशी आल्या. काळं मखमली कापड, वरून दिवा, मध्ये ती वस्तू. बराच वेळ बघत राहिल्या.

"देव्हाऱ्यात ठिवल्यावानी ठिवलंय की," त्या म्हणाल्या.

काकांनी पाटी वाचून दाखवायचं टाळलं. बाई माझ्याकडे वळल्या. "म्याडम, आधी हे म्हणले पंपाचं हाय. मग म्हणले न्हाई. मी म्हणलं, जाऊ द्या, म्याडमलाच इचारते. शिकल्या-सवरलेल्या हायेत. हे कशाचं हाय वो?"

काका मागे उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही. खोटं सांगा, असं होतं ते? की पुन्हा सांगू नका, असं? एक शब्द पुरला असता. मशीनचं. विमानाचं. दवाखान्यातल्या पलंगाचं म्हटलं असतं तर बाई आयुष्यभर दुवा देत बसल्या असत्या. तोंडापर्यंत आलंही होतं.

"माहीत नाही, मावशी," मी म्हटलं.

"तुमाला बी न्हाई?"

"मला नाही. आमच्या मोठ्या मॅडमना नाही. महिनाभर इथे कितीतरी लोक आले, इंजिनिअर आले, कुणालाच नाही."

बाईंनी एकदा पेटीकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. मग तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "मग बरंय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, ह्यांनाच तेवढं माहीत न्हाई."

काकासुद्धा हसले. महिनाभरात पहिल्यांदा बघितलं मी. त्यांचा एक दात नव्हता हेसुद्धा तेव्हाच कळलं. मग बाईंनी मला पेटी उघडायला लावली, वस्तू हातात घेतली, नखानं त्या भोकाभोवती फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, गुळगुळीत केलंय पण. काका म्हणाले, करावंच लागतं, न्हाईतर हाताला लागतं. कुणाच्या हाताला, ते कुणीच विचारलं नाही.

नियमाप्रमाणे वस्तू ज्याची त्यानं परत न्यायची. काका नेईनात. गावाकडं कोण ओळखणार, म्हणाले, तिथं लोक इळे-खुरपे ओळखतेत. इथं रोज नवं माणूस येतंय. वहीही माझ्याकडेच दिली. ती वस्तू संग्रहालयाच्या नोंदवहीत गेली नाही, माझ्या ड्रॉवरमध्ये राहिली. कुठल्या खात्यात नोंदवायची ते मोठ्या मॅडमनाही सुचलं नाही.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन यायचा. नमस्कार नाही, चौकशी नाही. "ओळखू यायलंय का?" मी म्हणायचे, अजून नाही काका. ते म्हणायचे, बरं, बघत ऱ्हावा. मागून बाईंचा आवाज यायचा, म्याडमला म्हणावं या एकदा शेतावर. दिवाळीपर्यंत आला फोन. मग बंद झाला. मी दोन-तीनदा लावून बघितला, हा नंबर अस्तित्वात नाही असं सांगतात. सिम बदललं असेल. फोन पाण्यात पडला असेल. दुसरंही काही असेल. फॉर्मवर त्यांनी पत्ता लिहिला होता तो चिखलीचा, गावाचं नाव मी विचारलंच नव्हतं. तेवढा रकानाच नव्हता.

या उन्हाळ्यात पेटी पुन्हा मांडली. खुर्चीही ठेवली, तिच्यावर कुणी बसत नाही. कुणी पाटी वाचून इकडेतिकडे बघायला लागलं की मीच उठते, पेटी उघडते. आणि सध्या मला एक खोड लागली आहे. बसमध्ये सीटखाली वाकून बघते. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये खुर्ची उलटी करून बघते. माणसं बघत राहतात.

तुम्हीही कुठे ना कुठे वाकत असालच, म्हणून लिहून ठेवते. लांबी बासष्ट एमएम. जाड टोक अठरा, निमुळतं बारा. जाड टोक वर आणि खाच आपल्याकडे धरली की भोक डाव्या अंगाला दिसेल, मध्यापासून तीन एमएम. ते चुकून नाही. मुद्दाम आहे.