कुंकू पुसून घेतलेली परीक्षा

तिच्या शेवटच्या दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत पुलगावच्या त्या थिऑसॉफीवाल्या बाबूवरून भांडून राह्यलो होतो. त्या गोष्टीले दहा वर्षं झाली, तरी भांडण ताजंच.

त्याले मेलेली माणसं दिसतात, असं अर्धं गाव म्हणे. बाकीचे ठग म्हणत. माह्या बायकोनं परीक्षाच घेतली. कुंकू पुसलं, मंगळसूत्र कमरेले खोसलं, अन् विधवा बनून त्याच्यापुढं बसली. मी मांगं गर्दीत उभा.

बाबूनं डोळे मिटले. "बाई, तुमचे यजमान तुमच्या मागेच उभे आहेत. हसताहेत."

मी खरंच हसून राह्यलो होतो! तिथंच लोळायचा बाकी होतो.

"तुमाले मेलेला समजला तो, खोटारडा!" ती शेंग फेकून म्हणाली.

मी मुद्दाम त्याची बाजू घेई. "पण उभा होतो ना मी, येडे? हसत होतो ना?"

ती इतकी हसली की मांडीवरचे दाणे अंगणभर सांडले. संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली, अन् ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते दाणे वेचायले बसलो. बाबू खरा असावा असं पहिल्यांदाच मनापासून वाटलं, अन् मी मांगं वळून पाह्यलं.