भाकरीएवढा गोल

घाटनांदूरजवळच्या एका गावात वनिताताई अंगणवाडी चालवतात. बोलतात कमी, चित्रं काढतात जास्त.

दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला गेलं. मागे राहिलेली लेकरं कुणाकडे जेवतात, कुणाकडे झोपतात, याचं चित्र ताईंनी कार्डशीटवर काढलं. प्रत्येक घराला एक गोल. लेकरू जिथं ठेवलं तिकडे रेघ. सगळं एकाच बॉलपेनने. ग्रामसभेत ते धरलं, तेव्हा कुणीतरी विचारलं, "ही गुंतवळ कुणाच्या डोक्याची हाय?" सभा हसली आणि पुढच्या विषयाकडे वळली.

त्या गुंतवळीत नऊ रेघा एकट्या तुळजाबाईंच्या घरी जात होत्या. तुळजाबाई सत्तरीच्या. चुलीपासून उठताना भिंत धरतात. हे कुणाला दिसलं नाही.

ताईंनी चित्र पुन्हा काढलं. निळा, भगवा किंवा हिरवा घेतला असता तर लेकरं बाजूला राहून रंगावरच सभा झाली असती, म्हणून चॉकलेटी घेतला. ज्या घरी जास्त लेकरं, त्या घराचा गोल मोठा. हातानं भरवावं लागणाऱ्या लेकराची रेघ जाड, शाळेत जाणाऱ्याची बारीक. कुलूप लागलेली घरं नुसत्या टिंबांची.

या वेळी सभा पुढे सरकून बघू लागली. तुळजाबाईंचा गोल भाकरीएवढा होता.

मग माणिकराव उठले. गावात त्यांना विचारल्याशिवाय लग्नाचा मांडव उभा राहत नाही.

"ताई, माजा गोल हरभऱ्याएवढा कावून?"

"तुमच्याकडं एकबी लेकरू न्हाई, दादा."

"म्हंजी माणिकराव हरभरा?"

"फुटाणा न्हाई केला हेच लई," बायकांतून आवाज आला.

गोल मोठा म्हणजे मान मोठा, अशी माणिकरावांची समजूत झाली होती. ताईंनी ती मोडली नाही. "वाढवता येतो की," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी माणिकरावांनी तुळजाबाईंकडची चार लेकरं घरी आणली. त्यांच्या पत्नी सरूबाई म्हणाल्या, "मान तुमचा आन भाकरी माझ्या? लेकरांना आंगुळी तुमी घालायच्या." ते घालू लागले. हे पाहून शेजारच्या शहादेवने दोन नेली. आपला गोल माणिकरावांच्या गोलापेक्षा लहानच राहील ना, हे त्याने आधी ताईंना विचारून घेतलं.

उरलेल्या तिघांचं काय करायचं, हे विचारायला ताई तुळजाबाईंकडे गेल्या.

"ही राहू दे," तुळजाबाई म्हणाल्या. "एवढी झेपत्यात मला."

ताईंनी नवीन कार्डशीट पसरली, तुळजाबाईंचा गोल वाटीएवढा काढला आणि रेघा ओढायला घेतल्या.