मनगट धरणारी मावशी

भूक किती आहे, हे मावशी मुलांना कधी विचारत नसे. ताट पुढे आलं की डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात ती मुलाचं मनगट धरी आणि उजव्या हातानं खिचडी वाढी. बोटं एकमेकांवर चढली, तर पितळी डाव दोनदा पातेल्यात जाई. गव्हाण गावाजवळच्या आमच्या शाळेत ती पोषण आहार शिजवायची. वीटभट्टीवरच्या पोरांशी बोलताना तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. "शनवारी बरा व्हतास. रविवारी घरात चूल नाय पेटली का रं?" पोरगं खाली बघायचं आणि मावशी तिसरा डाव घालायची.

मी तेव्हा नवा होतो, नियमावर बोट ठेवणारा. म्हणालो, "मावशी, सगळ्यांना सारखं वाढायचं असतं."

"समद्यांची भूक सारकी नाय मास्तर. तुमी पाढे शिकवा." मी मुकाट्यानं पाढे शिकवायला गेलो.

मावशीचं बालपण मिठागरावर आईमागे पेजेवर गेलेलं. पुढे बंदरासाठी जमीन गेली, मोबदला आला, दुमजली घर उभं राहिलं. अंग भरलेलं पोर म्हणजे देवाची कृपा, असं ती मानायची, आणि ती कृपा तिनं नातीवर, आमच्याच शाळेतल्या तनूवर, दोन्ही हातांनी केली होती. तनूचे आईबाप कामावर, लाड करायला आजी. शाळेच्या दारात तीन टपऱ्या. पाकिटं आणि रंगीत बाटल्या हात लावाल तिथे. घर दहा मिनिटांवर, पण न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या धाकानं तनू रिक्षानं यायची. खेळायच्या मैदानाला पत्र्याचं कुंपण पडून आत कंटेनर रचलेले. मुलं धावणार कुठे? वर्गातली निम्मी मुलं हाडकुळी आणि उरलेली जिना चढताना धापा टाकणारी, असं ते विचित्र दृश्य मी रोज पाहत होतो.

एकदा तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी तनूच्या कार्डावर लिहिलं : वजन फार, रक्तातली साखर तपासून घ्या. मावशी कार्ड नाचवत माझ्यावर चालून आली. "आमच्या घरात खायाला हाय, ते लोकांच्या डोल्यांत खुपतंय!"

मलाही राग आला. "मावशी, तिचं मनगट धरलंत कधी?"

तनू घरचा डबा खायची. मावशीच्या रांगेत कधी आलीच नव्हती. मावशीनं तिला जवळ बोलावलं आणि मनगट धरलं. बोटं मिटेनात. तिनं पुन्हा धरून पाहिलं. मग ती स्वयंपाकघराच्या पायरीवर खाली बसली. "गावाची मनगटं पायली मी, न् घरचंच र्‍हायलं." मला माझी जीभ चावावीशी वाटली. जन्मभराची भूक आठवून तिनं पोरीला भरवलं होतं; याला गुन्हा कोण म्हणेल?

दुसऱ्या दिवसापासून पाकिटं बंद झाली आणि रिक्षाही. पण चालायचं कुठून? रस्त्याला पदपथच नव्हता. मावशी तीनदा रस्त्याचं काम बघणाऱ्या कचेरीत जाऊन आली; पुढच्या टप्प्यात होईल, असं उत्तर मिळालं. "पुढल्या टप्प्यापोत पोर थांबल का?" असं म्हणत तिनं डाव उचलला. रोज सकाळी ती नाक्यावर उभी राही. मागे दोरासारखी पिळलेली तिची जुनी साडी धरून पोरांची रांग, आणि समोर ट्रेलर आला की डाव डोक्यावर. ड्रायव्हर हसायचे, पण थांबायचे. तनू सुरुवातीला रडत, धापा टाकत मागे असायची. दिवाळीपर्यंत रांगेच्या पुढे आली.

मग वरून आदेश आला. जेवण दूरच्या मोठ्या स्वयंपाकघरातून टेम्पोनं येऊ लागलं, बंद डब्यांत, सगळ्यांना सारखं. मावशीचं काम गेलं. डाव तेवढा ती घरी घेऊन गेली, कारण तो तिचाच होता. सकाळची रांग मात्र तिनं सोडली नाही.

या वर्षी तिला अर्धांगवायूचा झटका आला. मी भेटायला गेलो. तिनं पहिलं विचारलं ते हेच, "रांग चालते का?"

मी खरं ते सांगितलं. पालकांनी पुन्हा रिक्षा लावल्या होत्या, तनूसुद्धा रिक्षानंच येत होती.  मावशीनं चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. मी आता खारघरला दहाव्या मजल्यावर राहतो, शाळेत गाडीनं येतो. तिची बोटं मिटली नाहीत.

"तुमी बी नाय चालत मास्तर," एवढंच ती म्हणाली. चौथ्या दिवशी ती गेली. मावशीची मला फार आठवण येते.

तिचं दिवसकार्य उरकलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी गाडी नाक्याआधीच्या गल्लीत लावली आणि चालत नाक्यावर आलो. मी आदल्या दिवशी सांगितल्यावरून तनूनं घरून डाव आणि साडी आणली होती. मागे साडी धरून सहाच मुलं. ट्रेलर धडधडत आला आणि डाव धरलेला माझा हात छातीपाशीच अडकला.

"मास्तर, तसा नाय," मागून तनू म्हणाली. "वर धरा. आजी डोक्यावर धरायची."

मी डाव वर धरला. ट्रेलर थांबला, आणि तनू आमच्या पुढे चालू लागली.