नावं ठेवणारं गिऱ्हाईक

जयप्रकाश वाकचौरे यांना एखादी गोष्ट आवडली की ते तिला नावं ठेवायला लागत. नुसती बरी वाटली तर एखादा दोष काढून गप्प बसत. पण मनापासून आवडली, की मग तिचं काही खरं नसे. हे बाळकडू त्यांना नगरच्या बाजारात मामांचं बोट धरून हिंडताना मिळालं होतं. मामा नव्या चपलेकडे असे बघत, की आपण चुकून मेलेला उंदीर पुढे केला की काय असं दुकानदाराला वाटावं. आणि थोड्या वेळाने तीच चप्पल घालून घरी येत. "आवडलं हे तोंडावर दिसलं की संपलास," एवढाच संस्कार मामांनी भाच्यावर केला, पण पक्का केला.

सुचेताला बघायला गेले तेव्हाही जयप्रकाशांनी चहाचा घोट घेऊन "आलं जरा जास्त पडलंय" म्हटलं, आणि मग खिडकीकडे बघून "इकडून वारा येत नसेल" असंही म्हटलं. सुचेताचे वडील नगरचेच. ते स्वयंपाकघरात जाऊन बायकोला हळूच म्हणाले, "साखर काढ. पोरगा नावं ठेवायला लागलाय."

असा माणूस जपानात टिकला कसा, तर त्याच गुणावर टिकला. क्योतोच्या बाहेर मागाचे सुटे भाग करणारा एक कारखाना होता, त्याच्या तपासणी खात्यात ते लागले. तिथे दिवसभर दोष काढायचे आणि महिनाअखेर पगार घ्यायचा. मामांनी पाहिलं असतं तर डोळे भरून आले असते. वाकचौरे हे नाव जपानी तोंडात मावेना, म्हणून साहेबांनी त्यांचं वाकु-सान केलं. नुपूर झाली, तीही क्योतोच्याच शाळेत जाऊ लागली आणि मराठी प्रश्नाला जपानी उत्तर देऊ लागली. एकूण बरं चाललं होतं. जयप्रकाश त्यालाही नावं ठेवत होते, म्हणजे छानच चाललं होतं.

मग पंच्याण्णवच्या जानेवारीत कोबेला भूकंप झाला. क्योतोत तसं फार नुकसान झालं नाही. वाकचौऱ्यांच्या घरात तर लोणच्याची बरणी तेवढी फुटली. पण ते घर सातव्या मजल्यावर होतं, आणि सात मजले उंचावरून झोके घेतलेल्या सुचेताच्या पायांचा जमिनीवरचा विश्वासच उडाला. तिने एक पिशवी भरली. तीत तिघांचे पासपोर्ट, बॅटरी, पाण्याची बाटली, नुपूरचा स्वेटर आणि चिवडा. ती पिशवी दाराच्या कडीला टांगलेली असे, आणि बाहेर जाताना सुचेताच्या खांद्यावर असे. चिवडा जयप्रकाश येता-जाता संपवत, सुचेता पुन्हा भरी. आधी जयप्रकाशांनी तिची थोडी थट्टा केली. मग ती बूट घालूनच झोपायला लागली, तेव्हा बंद केली.

"काही होत नाही गं," ते म्हणत. शेजारीण तेच म्हणे. डॉक्टरही तेच म्हणाले, आणि वर गोळ्या दिल्या.

एप्रिलमध्ये सुचेताने सांगून टाकलं. "नगरला माझ्या संजीवदादाशी बोलले मी. नुपूरला नगरच्या शाळेत घेतायत. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघी जातो."

"आणि परत कधी?"

"मला जमिनीवर राहायचंय," ती म्हणाली. "मला दुसरं काही कळत नाही आता."

जयप्रकाश हादरले. भूकंपाच्या दिवशी हादरले नव्हते इतके हादरले. जमिनीवरचं घर शोधायला ते निघाले, आणि मुराता-सान नावाच्या एका हसतमुख दलालाने त्यांना क्योतोच्या उत्तरेला, बसने डोंगर ओलांडून, ओकुदानी नावाच्या खेड्यात नेलं. तरुण माणसं सगळी शहरात गेलेली. भाताची खाचरं, देवदारांची गर्दी आणि मधे मधे बंद घरं. त्यातलं एक अजून बंद झालं नव्हतं. तोमिए-सान नावाची ऐंशीच्या घरातली विधवा त्यात एकटी राहत होती, आणि मुलाकडे नागोयाला जाण्याआधी ते विकू पाहत होती.

लाकडी खांब, मातीच्या भिंती, गवती छपरावर मागाहून ठोकलेला पत्रा. दारातून आत गेलं की सारवल्यासारखी घट्ट मातीची जमीन, तिथेच चूल. सुचेता त्या जमिनीवर उभी राहिली. मग उकिडवी बसली. भाकरी थापावी तसा तिने तळहात मातीवर ठेवला, आणि खांद्यावरची पिशवी काढून शेजारी टेकवली.

घराबाहेर ती पिशवी खाली ठेवलेली जयप्रकाशांनी गेल्या चार महिन्यांत पाहिली नव्हती. हे घर आपल्याला हवं. पडकं असलं तरी हवं, भुताचं असलं तरी हवं! आणि इतकं आवडल्यावर जे व्हायचं तेच झालं. त्यांचं तोंड सुटलं.

"दार घासतंय," ते म्हणाले. "उंबरा झिजलाय. चुलीचा धूर कुठे जातो? पत्र्याला गंज आहे. पायरी हलते. ही खिडकी बंद तरी होते का?"

तोमिए-सान प्रत्येक वाक्याला कमरेतून वाकून म्हणत होती, "माफ करा. खरंच आहे. माफ करा."

"बाबा, यामेते," नुपूर त्यांची बाही ओढत पुटपुटली. पुरे करा, असं. पण बाबा रंगात आले होते. त्यांनी विहिरीचा रहाट फिरवून पाहिला आणि कपाळाला आठी घातली. परसातल्या पर्सिमनच्या फळझाडालासुद्धा त्यांनी सोडलं नाही. "फार जवळ लावलंय," म्हणाले. मुराता-सानचं हसू पायरीपायरीने उतरत गेलं.

परतीच्या बसमध्ये जयप्रकाश शीळ घालत होते. नगरात एवढी नावं ठेवल्यावर मालकाने चहा मागवला असता.

पुढच्या आठवड्यात मुराता-सानचा कारखान्यात फोन आला. "वाकु-सान, वाईट वाटतं, पण तोमिए-सान घर विकणार नाहीत. असलं घर कुणाच्या गळ्यात मारणं बरं नाही, म्हणाल्या. पाडून टाकायचं म्हणतात."

"अहो, पण मला ते घर आवडलंय!"

"मग तसं तुम्ही बोलला का नाहीत?"

जयप्रकाशांनी फोन खाली ठेवला. मामांना विचारायची सोय उरली नव्हती.

सुचेताला सांगायला त्यांना दोन दिवस लागले. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती कणीक मळत होती, ती मळतच राहिली.

"पंधरा वर्षं मी समजून घेतेय," ती म्हणाली. "आमटी पातळ म्हणालात की मी समजते, आवडली. नवी साडी नेसले, तुम्ही म्हणालात काठ भडक आहेत. मी समजले. पण अहो, त्या म्हातारीने कसं समजायचं? आणि खरं सांगू? मलाही कधी कधी समजून घ्यायचा कंटाळा येतो."

त्या संध्याकाळी तिने विमानाच्या तिकिटांसाठी फोन केला. जयप्रकाश दाराजवळ उभे राहून पिशवीतला चिवडा खायला गेले आणि न खाताच परत आले.

रविवारी ते एकटेच ओकुदानीला गेले. पावसाळा सुरू झाला होता. बसमध्ये ते तोंडातल्या तोंडात घोकत होते, घर सुंदर आहे, घर फार सुंदर आहे. जन्मात असलं काही बोललेले नसल्यामुळे ते शब्द पहिल्यांदा बसवलेल्या कवळीसारखे त्यांच्या तोंडात इकडेतिकडे हलत होते.

तोमिए-सान दारात होती. दाराची फळी काढून, रंधा घेऊन, त्या वयात, ती कड तासत होती. म्हणजे पाडायच्या घराच्या दाराची दुरुस्ती चालली होती! बाजूला खिडकीच्या कागदी तावदानाला नवा कागद डकवलेला दिसत होता. जयप्रकाशांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तोमिए-सान, तुमचं घर फार सुंदर आहे," ते एका दमात म्हणाले.

"तुमचा मोठेपणा," ती वाकून म्हणाली आणि पुन्हा तासायला लागली.

"नाही, खरंच. दार सुंदर आहे. विहीर सुंदर आहे. झाड अगदी योग्य ठिकाणी आहे."

"तुम्ही फार दयाळू आहात."

जयप्रकाश घामाघूम झाले. आयुष्यात पहिल्यांदा स्तुती केली, तीही अशा देशात, जिथे पाहुणे उंबऱ्यातच घराची स्तुती करतात आणि ती कुणी मनावर घेत नाही! शेवटी काही सुचेना, तेव्हा त्यांनी तिच्या हातातला रंधा घेतला आणि दार तासायला बसले. बराच वेळ तासलं. दार लावून पाहिलं. लोण्यासारखं सरकलं.

"अजून वरच्या कोपऱ्यात घासतंय," ते सवयीने म्हणाले.

तोमिए-सानने चहाचा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि गुडघे मुडपून समोर बसली. "वाकु-सान, मागच्या वर्षी खूप लोक घर बघून गेले. सगळ्यांनी सुंदर म्हटलं. एकही परत आला नाही. तुम्ही तेवढे सगळीकडे हात लावून बघितलंत. म्हणूनच मला लाज वाटली. छोटे छोटे दोष तुम्ही बोललात आणि मोठ्याबद्दल एक शब्दही काढला नाहीत. मला दुखवू नये म्हणून. मी समजले."

"मोठा?" जयप्रकाश म्हणाले. "कुठला मोठा?"

ती मग उठली, आतल्या खोलीत गेली आणि गाद्या ठेवायच्या कपाटाचं दार सरकवलं. गाद्या बाहेर काढल्या. मागे मातीच्या भिंतीला छतापासून जमिनीपर्यंत तडा होता. हात जाईल एवढा.

"जानेवारीतला," ती म्हणाली.

तपासणी खात्यात इतकी वर्षं काढलेला माणूस त्या तड्याकडे बघत उभा राहिला. पर्सिमनच्या झाडालाही नावं ठेवली होती त्यांनी, आणि हे दिसलं नव्हतं! पण त्या अपमानापेक्षा मोठी गोष्ट लगेच मागून आली. भूकंपाला भिऊन जी बाई देश सोडून निघालीये, तिच्यासाठी आपण भूकंपाने तडकलेलं घर निवडलं होतं.

"सुताराने पाहिलंय," तोमिए-सान म्हणाली. "खांब शाबूत आहेत. भिंत मातीची आहे, ती तडकतेच, पुन्हा लिंपता येते. पण न सांगता मी विकू कसं? आणि सांगायला तोंड होईना."

गाद्या परत ठेवून कपाट बंद केलं असतं तर सुचेताला कधी कळलं नसतं, हा विचार जयप्रकाशांच्या मनात आला नाही असं नाही. परतीच्या बसमध्ये तो पूर्ण रस्ताभर त्यांच्या शेजारी बसून होता. पण घरी पोचल्यावर त्यांनी चपलाही न काढता सांगून टाकलं, "सुचेता, त्या घराच्या भिंतीला भूकंपाचा तडा आहे. मोठा आहे. मला आधी दिसला नाही."

ती चिवड्याची पुडी पिशवीत घालताना मधेच थांबली. मग म्हणाली, "मला दाखवा."

पुढच्या रविवारी तिघं गेली. सुचेता कपाटासमोर उभी राहिली, पिशवी खांद्यावर घट्ट धरून. नुपूर बाबांच्या मागे. मग सुचेताने हात पुढे करून तड्यात घातला, मनगटापर्यंत.

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?" तिने आपल्या मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं.

"इथेच," तोमिए-सान म्हणाली. "अंथरुणात. घर खूप ओरडलं. मग थांबलं. मग मी चूल पेटवली. दुसरं काय करणार?"

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. अजून वाटते. रस्त्यावरून ट्रक गेला तरी मी उठून बसते."

जयप्रकाश 'काही होत नाही' म्हणायला तोंड उघडणार होते. सुचेताच्या पाठीकडे बघून त्यांनी ते मिटलं. पाच महिन्यांत एकाही माणसाने तिला 'मलाही वाटते' असं म्हटलं नव्हतं. त्यांनी स्वतःसुद्धा नाही, आणि त्यांना तर वाटत होती.

दोघी बायका जमिनीवर बसल्या. एकीला दुसरीचं अर्धंच कळत होतं. तोमिए-सान हाताने भिंत हलवून दाखवत होती, सुचेता सातवा मजला हलवून दाखवत होती. चहा झाला. मग सुचेता उठली आणि घरभर फिरली. चुलीपाशी थांबली.

"अहो," ती मराठीत म्हणाली, "मोरी केवढीशी आहे. कढई तरी मावेल का माझी?"

जयप्रकाश मोरीकडे न बघता तिच्याकडेच बघायला लागले.

"न्हाणीघर फारच लांब आहे. आणि माजघरात अंधार. दिवसा दिवा लावावा लागेल."

म्हातारीला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. ती वाकायला लागली. "माफ करा, माफ करा..."

"नाही, नाही, माफी मागू नका," जयप्रकाश घाईघाईने जपानीत म्हणाले. "आमच्याकडे असंच घेतात."

सुचेता दारापाशी गेली होती. चौकटीवरून हात फिरवत ती वळून म्हणाली, "आणि इथे दाराजवळ खिळाच नाहीये. पिशवी कुठे टांगायची?"

जयप्रकाशांनी एवढंच वाक्य तोमिए-सानला भाषांतर करून सांगितलं. ती लगबगीने आत गेली आणि हातोडी घेऊन आली.