चाळीस पिंपांवरची खूण

माझ्या वहिनीच्या नाकावर एक अख्खी वायनरी चालायची असं मी सांगितलं, की पाहुण्यांना वाटतं हा ड्रायव्हर पुन्हा थापा मारतोय. थापा मी मारतो, नाही कशाला म्हणू? सतरा वर्षं लोकांना गाडीत घालून द्राक्षमळे, मधलं गाव आणि समुद्र असं एका दिवसात फिरवून आणतोय, खरं बोलून ते काम होत नाही. बारा वर्षांच्या वेलींना मी शंभर वर्षांच्या म्हणतो आणि पाहुणे त्यांच्या खोडाला हात लावून गहिवरतात. पण वहिनीचं सांगतो ते खरं आहे.

वायनरीच्या तळघरात दोनशे लाकडी पिंपं आहेत. वाइन काढून घेतली की ती धुतात, वाळवतात आणि पुन्हा भरण्याआधी कुणीतरी एकेकाचं बूच काढून भोकाला नाक लावावं लागतं. आत आंबूस किंवा कुबट वास आला तर ते पिंप बाद. वरून ते कितीही देखणं असू दे, भरलं की वर्षाची मेहनत पाण्यात. सव्वीस वर्षं हे काम वहिनीचं. खिशात खडू. पिंप चांगलं असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. एकदा मालकांनी हौसेनं मागवलेल्या नव्याकोऱ्या पिंपावर तिनं फुली मारली. मालक दोन दिवस तोंड फुगवून होते, तिसऱ्या दिवशी स्वतः वास घेतला आणि गुपचूप ते पिंप बाहेर काढायला लावलं.

कामाच्या दिवसांत ती डोक्याला तेल लावायची नाही, वासाचा साबण वापरायची नाही, आणि मी शेजारी सेंट मारून बसलो तर मला हाकलून द्यायची. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. शाळेत जाताना माझे केस तिनंच विंचरलेत, त्यामुळे आमचं अरेतुरे. रागावली की मात्र 'भाऊजी, तुम्ही' सुरू होतं, आणि मग माझी खैर नसते.

दादा जाऊन चार वर्षं झाली. तो त्याच वायनरीत पिंपं दुरुस्त करायचा. त्याचा कामावरचा जाडा कोट वहिनीनं न धुता कपाटात ठेवलाय. अधूनमधून कपाट उघडते, कॉलरला नाक लावते, पुन्हा बंद करते. एकदा मी नेमका दारात होतो. ती अजिबात लाजली नाही. "आहे अजून," एवढंच म्हणाली.

यंदा द्राक्षतोडणीच्या तोंडावर तिला ताप आला. आठ दिवसांत उठली, कामाला लागली. मला काही कळलंच नसतं, पण एका सकाळी चहाला गेलो तर जिन्यातच करपल्याचा वास. आत दूध उतू जाऊन, आटून, पातेलं काळंठिक्कर झालेलं, आणि वहिनी शेगडीपासून चार हातांवर पाठमोरी बसून भाजी निवडतेय!

"अगं, दूध!" मी ओरडलो.

तिनं वळून पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा पांढराफटक पडला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून. काहीच येत नाही रे. साबण नाही, लवंग नाही, काही नाही."

"आणि पिंपं?"

तिनं उठून गॅस बंद केला. "चाळीस झाली," म्हणाली. "वाजवून बघते, डोळ्यांनी बघते, मागच्या वर्षी कुठल्या पिंपानं त्रास दिला ते आठवते. सगळ्यांवर बरोबरची खूण केलीय. येत्या सोमवारी भरतील."

"मालकांना सांग ना मग!"

"सांगू काय? सव्वीस वर्षं तिथे सगळे मला नाकवाली म्हणतात. नाकच गेलं म्हटल्यावर मी तिथे कोण?"

मला राग आला. तिचा नाही, तापाचा आला असेल, पण बोललो तिलाच. नको ते बोललो. तिनंही मग 'भाऊजी, तुम्ही' काढलं आणि मी चहा न पिता घरी आलो. पण घरी काही चैन पडेना. भांडता भांडता ती म्हणाली होती, डॉक्टर म्हणतात वास परत येईल किंवा येणारही नाही, उग्र वास घेत राहा. मला एकदम सुचलं, उग्र वास म्हणजे माझा धंदाच की! शनिवारी एक ग्रुप रद्द झाला होता. गाडी सकाळीच तिच्या दारात नेऊन लावली.

"कुठे?" ती म्हणाली.

"पाहुण्यांना नेतो तिथे. मुकाट्यानं बस."

आधी द्राक्षमळे. तोडणी नुकतीच झालेली, रस काढून उरलेल्या सालपटांचे ढीग उन्हात पडलेले. त्यांचा तो गोड, चढलेला वास माझ्या तर घशापर्यंत आला. वहिनीनं मूठभर उचलून नाकाशी धरली आणि खाली टाकली. मी सवयीनं म्हणालो, "या वेली शंभर वर्षांच्या आहेत बरं का."

"गप रे. यांची रोपं आली तेव्हा तुझ्या दादानं उतरवून घेतलीत," ती म्हणाली आणि हसली. तापानंतर पहिल्यांदाच हसली असेल.

मधल्या गावात चामडं कमावण्याचा कारखाना आहे. तिथे पाहुणे गाडीतून उतरत नाहीत, काचा वर करून फोटो काढतात. वहिनी हौदाच्या कडेला जाऊन उभी राहिली, बागेत उभं राहावं तशी, आणि डोळे मिटून लांब श्वास घेत राहिली. तिथला कामगार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाई ठीक आहेत ना?" मी रुमाल तोंडाला धरून नुसती मान हलवली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते वासानं आलं म्हणा. तिच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

दुपारी समुद्रावर पोचलो. पाहुण्यांचा भाग स्वच्छ, छत्र्या वगैरे. मी तिला पलीकडे नेलं, जिथे दोऱ्यांवर मासे सुकत घालतात. एक बाई मासे उलटेपालटे करत होती. वारा आमच्याच बाजूला होता. वहिनी दोऱ्यांच्या मधून चालत गेली, थांबली, आणि तिची मान जराशी वर झाली.

"येतोय ना?" मी धावत गेलो. "थोडासा तरी येतोय ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "येतोय," म्हणाली. "थोडा."

मी वेड्यासारखा हसलो, वाळूत बसलो. त्या मासेवाल्या बाईला उगाचच नमस्कार केला. परतीच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी गाणं म्हणत होतो, आणि माझा गळा कसा आहे ते सगळ्यांना माहीत आहे. वळणाच्या आधी ती म्हणाली, "गाडी थांबव."

थांबवली.

"नाही आला काही. तुझं तोंड बघून म्हटलं मी येतोय." मग समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "किती पटकन बोलले बघ. तुझ्याशी. पिंपांवरही अशीच खूण केली मी, एकामागून एक. पहिल्याला हात थरथरला होता. दहाव्यानंतर नाही थरथरला."

मी गाडी पुन्हा सुरू केली.

"वायनरीवर घे," ती म्हणाली.

मालक अंगणात पाइप धूत होते. वहिनी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि सरळ सांगून टाकलं, ताप, वास, चाळीस पिंपं, सगळं. मालकांच्या हातातलं पाणी तसंच वाहत राहिलं. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार, आणि तो ओरडला तर मीही ऐकून घेणार नव्हतो. ते ओरडले नाहीत. नळ बंद केला आणि म्हणाले, "बाई, मला आधी का नाही सांगितलंत?" त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

मग ती तळघरात गेली, ओलं फडकं घेतलं आणि चाळीसही खुणा स्वतः पुसल्या. मी पुढे झालो तर मला हात लावू दिला नाही.

"सोमवारपर्यंत कुणीतरी शोधून द्या," मालक जिन्यात म्हणाले. "तुम्ही शिकवा. पण माणूस तुमच्यासारखा हवा."

घरी आल्यावर मला वाटलं ती आडवी होईल. ती थेट आतल्या खोलीत गेली, कपाट उघडलं, आणि दादाचा कोट दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आली.

"वास घे."

"वहिनी, हे नको."

"तापाच्या आधीच मला कमी कमी वाटत होता. मग मलाच येईना, त्यामुळे कळायला मार्ग नाही. तुझं नाक चांगलं आहे. वास घे आणि सांग, त्याचा वास आहे का अजून यात?"

मी कॉलरला नाक लावलं. मग बाहीला. मग खिशात, अस्तराला, काखेत. लाकडाचा भुसा, तंबाखू, दादाच्या घामाचा तो वास मला झोपेतही ओळखता आला असता. लहानपणी मी त्याच्या पाठीला चिकटून झोपायचो. कपाटाचा वास होता. डांबरगोळ्यांचा होता. सतरा वर्षं लोकांना हवं ते सांगत आलोय, आहे म्हणायला मला काय जड होतं? ती समोर उभी होती, पदर मुठीत धरून.

"नाही," मी म्हणालो. "नुसता डांबरगोळ्यांचा येतोय. दादा नाही यात."

ती खाली बसली आणि रडली. मीही रडलो, लपवून नाही, चांगला हुंदके देऊन. कोट आम्हा दोघांच्या मांडीवर होता.

मग तिनं डोळे पुसले, कोटाची घडी केली आणि बाजूला ठेवली, धुवायच्या कपड्यांत.

"सोमवारी सकाळी सातला तळघरात ये," ती म्हणाली. "आणि डोक्याला तेल लावून येऊ नकोस."