सहाव्या मजल्यावरचा साखरपुडा

आमच्या कारखान्याच्या जागेवर ते हॉटेल उभं राहिलं. भिवंडीच्या निजामपुऱ्यातून चालत जाता येईल अशी भर बाजारातली जागा. आधी तिथे बाबांचे कापड विणायचे लूम चालायचे. धंदा बसला, लूम भंगारात गेले आणि जागा एका बिल्डरला विकली. मग डोळ्यांदेखत एकावर एक मजले चढले. माणसं रिक्षा थांबवून, माना वर करून बघायची. लिफ्ट सुरू झाली तेव्हा तर बायका काही काम नसताना नुसत्या वर-खाली करून यायच्या. आणि बाबा ज्याला त्याला सांगायचे, "आपल्या जागेत हाय ते." आई कपाळाला हात लावायची. "विकलीत ना हो? मग आपली कसली?"

बाबांना एकच हौस होती. सहाव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये माझा साखरपुडा करायचा, तिथेच व्याह्यांना मिठी मारायची आणि खिडकीपाशी नेऊन त्यांना सगळी भिवंडी दाखवायची. मध्ये अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, तरी हौस काही गेली नाही. मी म्हटलं, बाबा, खालचं एखादं कार्यालय बघूया. तर जेवायचेच बंद झाले. बरं बाबा, घ्या तुमचं हॉटेल, म्हटलं. माझ्यात वाद घालायचं त्राण नव्हतं.

त्या दिवशी लाइट गेली. भिवंडीत लाइट जाणं ही काय बातमी आहे? जनरेटर होता, पण तो हॉलच्या दिव्यांपुरता आणि एसीपुरता. लिफ्ट बंद. पाहुणे हाशहुश करत जिन्याने वर गेले. बाबा खाली सोफ्यावर, नवी टोपी घालून, लिफ्टच्या दाराकडे बघत बसलेले. मुहूर्त टळायला आला तशी चुलतभावांनी खुर्ची आणली. "बसा काका, आम्ही चौघं उचलून नेतो."

बाबा भडकले. "चौघांनी उचलायची येळ येईल तवा उचला. आज न्हाय."

मग मी पण हट्टाला पेटले. म्हटलं, मीही जात नाही, इथेच सोफ्यावर अंगठी घाला. आई रडायला लागली. शेवटी बाबांनीच मला दटावलं. "नखरे नको करू. मंडळी वर खोळंबलीत. जा."

गेले. जड शालू, जिन्यात अंधार, प्रत्येक मजल्यावर वाटायचं आता परत फिरावं. वर सगळं रीतसर झालं. व्याहीभेट बाबांऐवजी काकांनी केली. फोटोवाला सारखा "ताई, हसा" म्हणत होता, आणि मी मेली हसत होते. खिडकीपाशी कुणी फिरकलंसुद्धा नाही.

जेवणाची पानं मांडायला लागले तशी मी पेढ्यांची ताटली घेऊन खाली पळाले. सोफ्यावर बॅगा घेऊन कुणी व्यापारी बसलेले. बाबा नाहीत! काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "वो बाबा? उनको बाहर बिठाया है. गेस्ट लोग आ गये थे."

बाबा गेटपाशी वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर होते. मला बघून आधी तेच घाईघाईने बोलले, "आत लय गुदमरत व्हतं गं. हितं वारा हाय." कसला वारा? समोर रिक्षांचा धूर. आत जाऊन त्या माणसाचं थोबाड फोडावं असं वाटलं. पण अंगात काही उरलंच नव्हतं. मी शालूसकट पायरीवर बसले आणि त्यांच्या तोंडात पेढा घातला.

"व्याहीभेट कुणी केली?"

"काकांनी."

"बरं झालं." मग डाव्या हाताने टोपी सारखी करत म्हणाले, "मंडळी खाली उतरली का मला धर. व्याह्यांना बसल्या बसल्या कसं भेटायचं?"

वर अजून पहिली पंगत बसायची होती. बाबा आत्तापासूनच खुर्चीतून उठायला लागले.