मिसळणाच्या डब्यातल्या गोळ्या
हिंगाचा वास आला की बाबांच्या गोळ्या आठवतात. आई त्या स्ट्रिपमधून काढून जुन्या मिसळणाच्या डब्यात ठेवायची. आपल्या पेशींमध्ये पंपासारखं एक प्रथिन असतं; हा पंप औषध बाहेर फेकतो, आणि तो बंद पडला की औषध अंगात साचून विषासारखं होतं. दुसरं कुठलं औषध तो पंप बंद पाडेल, हे कोलशेतच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर शोधणं माझं काम. एका संध्याकाळी घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून दमून घरी आलो, तर बाबा उलट्या करत होते. हृदयाच्या गोळीसोबत खोकल्यासाठी नवी गोळी सुरू झालेली. ही जोडी माझ्या स्क्रीनवर महिन्याभरापूर्वीच लाल, म्हणजे धोक्याची, झाली होती. "तुला विचारणार होते," आई म्हणाली, "पण तू रोज इतका दमून येतोस रे." बाबा वाचले. मी अजूनही दमूनच येतो, पण बूट काढायच्या आधी तो डबा उघडतो.